सरी ते कॅलगरी, नोव्हेंबरच्या मध्यात, सासूबाई आणि मुलाला घेऊन: कोणता रस्ता, कोणते टायर?

फ्रेझरकाठ | २१ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. आम्ही व्हँकूवरजवळ सरीत राहतो. मला कॅलगरीत (अल्बर्टा) नोकरी मिळाली आहे, १८ नोव्हेंबरला रुजू व्हायचंय. नवरा घर बघायला आधीच तिकडे गेलाय. सामान मूव्हर्सच्या ट्रकमधून जाणार. गाडी मी घेऊन जाणार, सोबत सासूबाई (वय ७१, मधुमेह आहे) आणि माझा पाच वर्षांचा मुलगा.

गाडी २०१७ ची कोरोला, फ्रंट व्हील ड्राइव्ह, टायर ऑल सीझन. सरी ते बर्नबी रोज चालवते, पण बर्फातल्या घाटात कधी चालवलेली नाही. परवा शनिवारी इथे जो पाऊस झाला त्यानंतर सासूबाई रोज विचारतात, "रस्ता वाहून तर नाही ना गेला?" २०२१ च्या पुराचे व्हिडिओ त्यांनी नाशिकला बसून पाहिलेत.

विचारायचं असं: कोकिहल्ला हायवेने, म्हणजे होपहून घाट चढून कॅमलूप्सला जाणाऱ्या रस्त्याने जावं की दुसरा रस्ता आहे? टायर बदलायलाच हवेत का? मुक्काम कुठे करावा? टायर, पेट्रोल, हॉटेल सगळं मिळून १,५०० डॉलर आहेत. त्याच्यावर एक पैसा नाही, नव्या घराचं डिपॉझिट भरलंय. गाडी विकणे आणि विमानाने जाणे हे दोन पर्याय आम्ही विचार करून बाजूला ठेवलेत.

---

बो_नदीकाठी

कॅलगरीत स्वागत! इतका विचार करू नका. साडेनऊशे-पावणेदहाशे किलोमीटरचा रस्ता आहे, पहाटे चारला निघायचं, रात्रीच्या जेवणाला कॅलगरीत. आम्ही दर नाताळात सरीला भावाकडे असेच येतो-जातो. होपपासून कोकिहल्ला, मेरिट, कॅमलूप्स, पुढे एक नंबर हायवे. मुक्कामाचे पैसे वाचतात. माझ्याकडे सुबारू आहे, ऑल सीझन टायरवर कधी काही झालं नाही. अल्बर्टात तर हिवाळी टायरची सक्तीसुद्धा नाही.

---

ओकानागनकर

अल्बर्टात सक्ती नाही, पण रस्ता अल्बर्टातून सुरू होत नाही ना! ब्रिटिश कोलंबियात डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हिवाळी टायर लागतात. काही सखल रस्त्यांवर ३१ मार्चपर्यंत. कोकिहल्ला ३० एप्रिलवाल्यात आहे. नसतील तर दंड होतो आणि गाडी परत फिरवायला लावतात.

फ्रेझरकाठ, टायरच्या बाजूला बघा. एम आणि एस अक्षरं असतील तर कायद्याने चालतात, नक्षीची खोली साडेतीन मिलिमीटर तरी हवी. पण खरा हिवाळी टायर म्हणजे ज्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं तो. सात अंशांच्या खाली ऑल सीझनचं रबर कडक व्हायला लागतं. कोरडा रस्ता असला तरी ब्रेक लांबतो.

मी नोकियनचे हाक्कापेलिट्टा वापरते. महाग आहेत, पण केलोना ते मेरिट त्या कनेक्टरवर, म्हणजे ९७सी वर, मी डोळे झाकून त्यांच्यावर विश्वास टाकते. तेच घ्या.

---

घाटमाथा

टायर वगैरे ठीक आहे, पण मुळात कोरोला या रस्त्याची गाडीच नाही. जमीन आणि गाडीचं पोट यात अंतर किती आहे बघा. कॅलगरीत राहायचंच आहे तर आत्ताच रॅव्ह फोर किंवा सीआरव्ही घ्या, ऑल व्हील ड्राइव्ह. मी गेल्या वर्षी घेतली, बायको म्हणते आधीच घ्यायला हवी होती. नोव्हेंबरात डीलर जुनं मॉडेल काढायला बसलेले असतात.

---

ओकानागनकर

घाटमाथा, त्यांनी १,५०० डॉलर लिहिलंय.

आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाडी निघायला मदत करतं, थांबायला नाही. थांबायला सगळ्याच गाड्यांना चाकं चारच. उतारावर वळणात चांगले टायर लावलेली कोरोला ऑल सीझनवाल्या एसयूव्हीपेक्षा आधी थांबते.

---

घाटमाथा

मी दोन्ही लावा म्हणतोय. हप्त्यावर मिळते गाडी. लेकरू आणि म्हातारं माणूस आहे सोबत, पैशाकडे बघू नये.

---

जुने_जाणते

सूनबाई, माझं स्पष्ट मत ऐका. नवऱ्याला बोलावून घ्या, तो विमानाने येईल आणि गाडी चालवेल. बर्फाच्या घाटात एकट्या बाईने म्हातारं माणूस आणि मूल घेऊन जाऊ नये.

रस्ता मात्र कोकिहल्लाच. हा रस्ता आमच्या डोळ्यांदेखत झाला. १९८६ मध्ये व्हँकूवरला एक्स्पो भरला, त्याच्या तोंडावर होप ते मेरिट खुला केला. १९८७ मध्ये मेरिट ते कॅमलूप्स, १९९० मध्ये केलोनाचा फाटा. त्याआधी सगळे फ्रेझरच्या दरीतून जायचे. टोल होता, मोटारीला दहा डॉलर, तो २००८ मध्ये उठला. त्या टोलवरून लोक कुरकुर करायचे, पण बर्फ काढायची व्यवस्था अशी की बघत राहावं. वाटेत पाट्या बघा: ऑथेलो, पोर्शिया, आयागो, ज्युलिएट, लिअर. जुन्या केटल व्हॅली रेल्वेच्या स्टेशनांना शेक्सपिअरच्या पात्रांची नावं दिली होती, तीच पुढे राहिली. मुलाला गोष्टी सांगता येतील.

---

प्रेरी_पाखरू

काका, रस्त्याची माहिती छान आहे, पण पहिला परिच्छेद नको होता. त्या रोज पोर्ट मॅन पुलावरून सकाळच्या गर्दीत गाडी चालवतात. रिजायना ते कॅलगरी हिवाळ्यात मी एकटी करते, पोटात बाळ असतानासुद्धा केलंय.

फ्रेझरकाठ, टायर बदला. बाकी काही करा न करा, टायर बदला.

---

जुने_जाणते

प्रेरी सपाट आहे, ताई. घाट वेगळा.

---

फ्रेझरकाठ

सगळ्यांचे आभार. काका, काळजी समजते. नवऱ्याला तिकडे घराच्या चाव्या त्याच आठवड्यात घ्यायच्या आहेत. चालवणार मीच आहे. गाडी बदलणं होणार नाही.

टायर बघितले. एम-एस अक्षरं आहेत, हिमकण नाही. नक्षी मोजून घेतली, जेमतेम चार मिलिमीटर. म्हणजे बदलायचे. नवे चार टायर, रिमसकट, दुकानात हजार-बाराशेच्या पुढे सांगतायत. मग हॉटेलला काय उरणार? यात कुणी मार्ग सुचवेल का?

---

सातारी_कंदी

कोकिहल्ला टाळा, कळकळीने सांगतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात कॅमलूप्सहून परत येत होतो. शिखराच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला, मागे सगळा रस्ता बंद. रात्रभर गाडीत. पुढे वळायला जागा नाही, मागे ट्रकच ट्रक. मोबाइलला रेंज नाही. मुलगी तीन वर्षांची, तिचं दूध संपलं. पुढच्या गाडीतल्या पंजाबी कुटुंबाने पराठे आणि थर्मासमधला चहा दिला, ते उपकार आम्ही विसरत नाही. इंजिन दर तासाला थोडा वेळ लावायचो, सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ हाताने काढून. सकाळी नऊला रस्ता सुटला.

तेव्हापासून मी तीन नंबरनेच जातो. क्रोज्नेस्ट हायवे. होप, प्रिन्स्टन, ऑसोयूस, ग्रँड फोर्क्स, क्रॅनब्रुक, फर्नी, मग अल्बर्टा. ट्रक कमी, गावं लागत राहतात, घाई नाही. दोन-अडीचशे किलोमीटर जास्त पडतात, पडू देत. अल्बर्टात शिरल्यावर फ्रँकची दरड दिसते, १९०३ मध्ये टर्टल डोंगर गावावर कोसळला तिथले दगड अजून रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेत.

---

बेळगावी_कुंदा

+१ तीन नंबरला. आणि नेल्सनच्या बाजूने गेलात तर कूटनी लेकची फेरी लागते, बाल्फोरहून. गाडीसकट फुकट! पस्तीसेक मिनिटं तलावातून. मुलाला खूप आवडेल.

---

ओकानागनकर

फुकट फेरी रेव्हलस्टोकच्या दक्षिणेलाही आहे, २३ नंबरवर, शेल्टर बे ते गलीना बे. ती जास्त सुंदर.

---

बेळगावी_कुंदा

कूटनीवाली लांब आहे. फुकट फेऱ्यांत जगात सगळ्यात लांब म्हणून तिची ख्याती आहे. तुम्ही हिवाळ्यात सकाळी गेलात तर पाण्यावर धुकं असतं, त्या वेळी बघा.

---

ओकानागनकर

मी दोन्ही केल्यात. ॲरो लेकच्या त्या बाजूला माणूसच दिसत नाही, म्हणून मला ती आवडते. असो, धागा फ्रेझरकाठ यांचा आहे.

---

चाकधर

नमस्कार. मी ॲबट्सफर्डहून कॅलगरी आणि एडमंटन ट्रक चालवतो. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, थोडं मोठं होईल.

आधी तीन नंबरबद्दल. सातारी_कंदी, तुमच्यावर जे बेतलं ते वाईटच. पण तीन नंबर सोपा आहे हे ताईंच्या डोक्यात राहायला नको. कोकिहल्लाचं शिखर १,२४४ मीटर. तीन नंबरवर मॅनिंग पार्कात ॲलिसन पास त्याच्याहून उंच, १,३४२. आणि पुढे सॅल्मो ते क्रेस्टनमध्ये कूटनी पास, १,७७५ मीटर. तिथे बर्फ कोकिहल्लापेक्षा जास्त वेळ टिकतो, हिमकडे पाडायला रस्ता बंद करतात, आणि दोन पदरी आहे. गाडी बंद पडली तर मागून मदत यायला वेळ लागतो. उन्हाळ्यात तो रस्ता राजा आहे. नोव्हेंबरात पहिल्यांदा घाट चालवणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

कोकिहल्ला. होप समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, तिथून पन्नासेक किलोमीटरात १,२४४ चढायचं. होपला पाऊस असतो तेव्हा वर ग्रेट बेअर स्नोशेडपाशी (रस्त्यावर घसरणारा बर्फ अडवणारं छप्पर) हिमवर्षाव असतो, हा फरक अर्ध्या तासात पडतो. होप ते मेरिट एकही पेट्रोलपंप नाही. होपला टाकी भरा, अर्धी असली तरी भरा. मर्यादा १२० ची आहे, पण बर्फाच्या दिवसांत वर पाट्यांवर बदलते आकडे येतात, ते पाळा. रस्ता रुंद आहे, दुभाजक आहे, बर्फ काढायच्या गाड्या सतत फिरतात. स्नोप्लाउच्या मागे राहायचं, ओव्हरटेक कधीच नाही. तो जिथून गेलाय तो रस्ता तुमच्यासाठी साफ झालाय.

आमच्या ट्रकच्या मागे चढावर चिकटून राहू नका. चाकांना साखळी न लावता वर आलेला ट्रक चढावर थांबला की मागे सरकतो. जागा सोडा.

कॅमलूप्सच्या पुढे कोकिहल्ला संपतो, पण घाट संपत नाहीत. लोक कोकिहल्लाबद्दलच बोलतात. कॅमलूप्स ते रेव्हलस्टोक २१० किलोमीटर, त्यात सिकमूसच्या पुढे तीन दऱ्यांच्या तोंडाशी, थ्री व्हॅली गॅप म्हणतात, तिथे रस्ता डोंगर आणि तलावाच्या मधून जातो. मग रेव्हलस्टोक ते गोल्डन १४८ किलोमीटर, मध्ये रॉजर्स पास, १,३३० मीटर. तिथे हिवाळ्यात पंप नाही, रेंज बहुतेक ठिकाणी नाही. वरच्या हिमकड्यांवर लष्कराच्या १०५ मिलिमीटरच्या तोफा डागतात, बर्फ ठरवून खाली पाडतात, तेवढा वेळ रस्ता बंद. हे १९६० च्या दशकापासून चालू आहे. बंद झाला की वैतागायचं नाही, ते तुमच्याच जिवासाठी आहे.

गोल्डनच्या पुढे किकिंग हॉर्स कॅन्यन. तिथला शेवटचा ४.८ किलोमीटरचा टप्पा २०२३ च्या अखेरीस चारपदरी झाला. आधी आम्ही तिथे श्वास रोखून जायचो, कड्याला घासून रस्ता होता. आता काही वाटत नाही. तिथून पुढे योहो नॅशनल पार्कात रस्ता बराचसा दोन पदरी आहे, मग लेक लुईस, बॅन्फ, कॅलगरी चारपदरी.

टायर: जुने हिवाळी टायर रिमवर चढवलेले विकत घ्या. कोरोलाचा नेहमीचा साइज २०५/५५ आर १६, पण तुमच्या दाराच्या खाचेतल्या पट्टीवर बघून खात्री करा. नक्षी सहा मिलिमीटरच्या वर हवी. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना घेऊ नका, नक्षी कितीही दिसो. चारही सारखे घ्या. फक्त पुढे दोन लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मागचा भाग वळणात बाहेर फेकला जातो. आणि हे आत्ता करा. खोऱ्यात पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानांत दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही.

---

प्रेरी_पाखरू

चाकधर, तुमचा प्रतिसाद छापून गाडीत ठेवण्यासारखा आहे. टायर बदला हे मी आधी म्हटलंच होतं.

---

बो_नदीकाठी

रॉजर्स पासवर आम्ही कधी थांबलो नाही. नशीब म्हणा. पण लोकांनी इतकं घाबरवूही नये, रोज हजारो गाड्या जातात. सगळेच काही ट्रकवाले नसतात. एका दिवसात आरामात होतं.

---

चाकधर

होतं, दादा. पण तुम्हाला रस्ता पाठ आहे आणि गाडीत दोघे चालवणारे आहेत. या एकट्या आहेत. नोव्हेंबरच्या मध्यात दिवस लहान. पहाटे चारला निघाल्या तर कोकिहल्ला अंधारात, आणि बॅन्फपासून पुढे पुन्हा अंधारात. गोल्डनला पोचता पोचता घड्याळही एक तास पुढे जातं, तो तास दिवसातूनच कापला जातो. ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावरचा पातळ पारदर्शक बर्फ, उजेडातसुद्धा नीट दिसत नाही.

---

रानडुक्कर

अमेरिकेतून जा ना. सुमासला सीमा ओलांडा, सिएटलजवळून आय-९०, स्पोकेन, आयडाहो, मग वर किंग्सगेट-क्रॅनब्रुक. पेट्रोल स्वस्त, रस्ते मस्त.

---

फ्रेझरकाठ

सासूबाईंकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. माझ्याकडेही नाही.

---

रानडुक्कर

व्हिसा काढून ठेवावा, कॅनडात राहताना उपयोगी पडतो. आणि आय-९० वरचा स्नोक्वाल्मी पासही काही कमी नाही म्हणा.

---

हिरवा_पाचू

कुणी पाच नंबर नॉर्थ आणि यलोहेड का सुचवत नाही? कॅमलूप्सहून क्लिअरवॉटर, व्हेलमाउंट, मग १६ नंबरने जास्पर. यलोहेड पास या सगळ्या खिंडींत ठेंगणा आहे, चढ जाणवतच नाही. माउंट रॉब्सन समोर उभा राहतो, ३,९५४ मीटर, ढग नसतील तर सासूबाई हात जोडतील. तिथून आइसफील्ड्स पार्कवेने लेक लुईसला उतरा. जगातला सर्वांत देखणा रस्ता आहे तो, माझं मत बदलणार नाही.

---

ओकानागनकर

देखणा आहेच. पण जास्पर ते लेक लुईस २३० किलोमीटरमध्ये हिवाळ्यात एकही पंप उघडा नसतो, रेंज नसते, आणि बर्फ काढायला एक नंबरसारखं प्राधान्य नसतं. शिवाय पार्कवेवर जायला नॅशनल पार्कचा पास लागतो. एक नंबरने बॅन्फमधून न थांबता सरळ गेलात तर पास लागत नाही. जुलैच्या वणव्यात जास्परचा मोठा भाग जळालाय, तिथे राहण्याची सोयही आता मर्यादित आहे.

---

हिरवा_पाचू

जास्परला जाऊन पैसे खर्च केले तर त्या गावाला मदतच होईल. मी मे महिन्यात जाणार आहे.

---

माईची_थाळी

सगळे रस्त्याबद्दल बोलतायत, म्हणून मी बाकीचं सांगते. आई मधुमेही आहेत, तर वेळेवर खाणं हाताशी हवं. थेपले किंवा दशम्या, भाजलेले शेंगदाणे, खजूर. साखर उतरली तर लगेच द्यायला ज्यूसच्या छोट्या डब्या त्यांच्याच हाताजवळ ठेवा, डिकीत नको. इन्शुलिन असेल तर ते गाडीत रात्री सोडायचं नाही, गोठलं की वाया जातं. थर्मास दोन. डायपरची पाकिटं मुलगा मोठा असला तरी ठेवा, रस्ता बंद पडला तर आजींनाही उपयोगी पडतील, हे मी नर्स म्हणून सांगते, लाजायचं काही नाही.

गोधड्या गाडीत आत ठेवा, मूव्हर्सच्या ट्रकमध्ये टाकू नका. फावडं, टॉर्च, मोबाइल चार्जर. मुलाला कार सीटवर जाडजूड जॅकेट घालून पट्टा लावू नका, पट्टा सैल राहतो. पट्टा लावून वरून गोधडी.

---

सातारी_कंदी

थर्मासला अनुमोदन. आणि काच धुवायचं पाणी! व्हँकूवरला मिळणारं उन्हाळी पाणी काढून टाका, उणे चाळीसवालं भरा. आमचं वर गोठलं होतं, मिठाचा चिखल काचेवर आणि पुढचं काही दिसेना.

---

घाटमाथा

उणे चाळीसवालं भरायचं हे बरोबर. कॅलगरीत ब्लॉक हीटरही (थंडीत इंजिन गरम ठेवणारा) लागेल. नवीन एसयूव्हीत तो बऱ्याचदा बसवूनच मिळतो.

---

शून्य_अंश

कॅलगरीत पोचल्यावर लक्षात ठेवा: बाहेरच्या प्रांतातली गाडी अल्बर्टात नोंदवायची तर आधी तपासणी करून घ्यावी लागते, परवानाधारक गॅरेजमध्ये. तीन महिन्यांत लायसन्स आणि नंबरप्लेट बदलायची. तपासणीत काचेला मोठा तडा असेल तर अडवतात, आणि या रस्त्यावर खडी उडून तडे जातातच. म्हणून तपासणी पोचल्यावर करा, आधी नाही.

---

फ्रेझरकाठ

सगळ्यांनी इतकं लिहिलंत, खूप आधार वाटला. चाकधर, एक विचारते. फ्रेझर कॅन्यनचा जुना एक नंबर रस्ता कसा आहे? होप, येल, लिटन, कॅश क्रीक, मग कॅमलूप्स. त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

---

चाकधर

सत्तर-ऐंशी किलोमीटर जास्त. बराचसा दोन पदरी, वळणं खूप, येलपासून वर सात बोगदे. कोकिहल्लाइतकी उंची कुठेच नाही, म्हणून बर्फ कमी, पाऊस जास्त. पण दगड पडतात, दरड येते. २०२१ च्या नोव्हेंबरात कोकिहल्लाबरोबर हाही रस्ता वाहून गेला होता. लिटनपाशी त्या उन्हाळ्यात गाव जळालं, ४९.६ अंश तापमानाच्या दुसऱ्या दिवशी, आणि शरदात रस्ता गेला. मी रिकामा ट्रक असेल तरी कोकिहल्लाच धरतो. माझा सल्ला: दिवसाउजेडी कोकिहल्ला, रेव्हलस्टोकला एक रात्र.

---

जुने_जाणते

कॅन्यन नको. चाळीस वर्षांपूर्वी त्या रस्त्याला पर्याय नव्हता म्हणून जायचो. कोकिहल्ला बांधला कशासाठी मग?

---

बो_नदीकाठी

कोकिहल्ला +१. आणि एका दिवसात.

---

सातारी_कंदी

तीन नंबर. मी ठाम आहे.

---

फ्रेझरकाठ | ३ नोव्हेंबर २०२४

ठरलं. टायर झाले. ऑफिसमधली एक मैत्रीण गाडी बदलतेय, तिच्या जुन्या कोरोलाचे ब्लिझॅक हिवाळी टायर, लोखंडी रिमवर चढवलेले, चारही एका वयाचे, २०२२ चे, साडेसात मिलिमीटर. ४२० डॉलरला दिले. चाकधर यांनी सांगितलेला शिक्का वाचला नसता तर त्याआधी बघितलेला एक सेट मी घेऊन बसले असते, त्यावर २०१४ होतं.

रस्ता मी फ्रेझर कॅन्यनचा घेणार आहे. बहुतेकांनी कोकिहल्ला म्हटलंय, काहींनी तीन नंबर, हे मला माहीत आहे. गेल्या रविवारी होपपर्यंत जाऊन आले, कोकिहल्लावर थोडं वर चढून बघितलं. रस्ता उत्तम आहे. पण १२० च्या रस्त्यावर मी ८० ने जाणार, मागून ट्रक येत राहणार, आणि माझे हात स्टिअरिंगवर आवळले जाणार. माझ्या मागच्या सीटवर दोन जीव आहेत, मला माझा वेग माझ्या हातात हवा. कॅन्यनमध्ये ८०-९० ने सगळेच जातात. बाजूला घ्यायच्या जागा येतात, मागच्याला पुढे जाऊ देता येतं. सासूबाईंना दर दीड तासाला उतरून पाय मोकळे करावे लागतात, आणि येल, बॉस्टन बार, स्पेन्सेस ब्रिज अशी माणसांची गावं लागतात.

गुरुवारी १४ ला सकाळी उजाडल्यावर निघणार, कॅमलूप्सला मुक्काम. शुक्रवारी फक्त रेव्हलस्टोकपर्यंत. वाटेत क्रेगेलाकीला थांबणार, १८८५ मध्ये ७ नोव्हेंबरला कॅनडाभरच्या रेल्वेचा शेवटचा खिळा तिथे ठोकला, मुलाला रेल्वेचं वेड आहे. शनिवारी सकाळी रॉजर्स पास. बंद असेल तर रेव्हलस्टोकलाच थांबू, रविवार हातात आहे. दोन्ही रात्री साध्या मोटेलात, किचनेटसकट, म्हणजे आईंना गरम खिचडी देता येईल. सगळं मिळून १,१०० च्या आत बसतंय.

जोरदार पावसाचा इशारा आला किंवा ड्राइव्हबीसीवर (ब्रिटिश कोलंबियातल्या रस्त्यांची स्थिती दाखवणारी साइट) कॅन्यनमध्ये दरडीची नोंद दिसली तर कोकिहल्ला बघीन, आणि दोन्ही वाईट असतील तर निघणार नाही.

---

जुने_जाणते

ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला? पण टायर चांगले घेतलेत. सुखरूप जा.

---

घाटमाथा

चारशे वीसला ब्लिझॅक म्हणजे चांगला सौदा आहे. तरी कॅलगरीत पहिला पगार झाला की ऑल व्हील ड्राइव्हचं मनावर घ्या.

---

चाकधर

मी तो रस्ता धरला नसता, पण तुमचं कारण पटतं. ज्या वेगाला तुमचा हात बसलाय त्या वेगाचा रस्ता घेतलात. मग एवढं पाळा. होपला टाकी भरा, कॅश क्रीकला परत भरा. बोगद्यांच्या तोंडाशी सावलीत गोठलेलं पाणी असतं, आत शिरायच्या आधी वेग कमी करा, आत ब्रेक मारू नका. रस्त्यात मुठीएवढे दगड दिसले तर डोंगराच्या बाजूला थांबून वर बघत बसायचं नाही, हळू पण सरळ पुढे निघायचं. रोज निघण्याआधी ड्राइव्हबीसीचे कॅमेरे स्वतः बघा, नुसत्या नकाशावर जाऊ नका. नकाशे आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या. अल्बर्टात शिरलात की रस्त्याच्या माहितीसाठी ५११.

१४ तारखेला मी कॅलगरीहून परत येत असणार. रॉजर्स पासची अवस्था संध्याकाळी इथे लिहून ठेवीन.

---

माईची_थाळी

खिचडीसाठी लहान कुकर आत ठेवा, शिट्टी वेगळी गुंडाळून. आणि पोचल्यावर कळवा, आम्ही वाट बघतोय.

---

नवा_पाहुणा

धागा खूप उपयोगी आहे. मला २० डिसेंबरला कॅलगरीहून व्हँकूवरला जायचंय, भाड्याच्या गाडीने. भाड्याच्या गाडीला हिवाळी टायर असतात की वेगळे मागावे लागतात? बजेट साधारण ८०० डॉलर.

---

घाटमाथा

भाड्यानेच घ्यायची तर मोठी एसयूव्ही घ्या.